औषधनिर्मात्याची परीक्षा : परवान्यामागील ज्ञानाची कसोटी

आठवड्याच्या बाजाराचा दिवस असतो. गावोगावची माणसे तालुक्याच्या ठिकाणी आलेली असतात. बी-बियाणे, तेल-मीठ, मुलांच्या वह्या यांची खरेदी आटोपली की त्यांपैकी अनेकजण औषधाच्या दुकानाची पायरी चढतात. हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते. परंतु ती बहुतेकांना वाचता येत नाही. दुकानातील मनुष्य जे काढून देईल ते औषध आणि तो जे सांगेल ती मात्रा, एवढाच त्यांचा हिशेब असतो. भाजीची जुडी चार ठिकाणी भाव करून घेणारा ग्राहक येथे मात्र एक शब्दही न बोलता विश्वास टाकतो.

या विश्वासास पात्र ठरावयाचे तर फळीपलीकडे उभ्या असलेल्या माणसास काय काय माहीत असले पाहिजे? औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी २०२२ साली जे परीक्षाविषयक विनियम करण्यात आले, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. या परीक्षेचे स्वरूप काय, तिची तयारी कशी करावी आणि ग्रामीण भागातील शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांना त्यात कोणता वाटा उचलता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चमचाभर औषधाचा हिशेब

एक साधे उदाहरण घेऊ. दहा किलो वजनाच्या मुलास ताप आला आहे आणि डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिले आहे. दर किलो वजनास १५ मिलिग्रॅम या मानाने या मुलाची एका वेळची मात्रा १५० मिलिग्रॅम होते. हे औषध बाजारात निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले पातळ औषध असेल तर ६ मिलिलिटर द्यावे लागेल. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेले असेल तर ३ मिलिलिटर पुरे. तान्ह्या मुलांसाठी जे थेंबांचे औषध येते, त्याच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. म्हणून त्याचे दीड मिलिलिटरच द्यावयाचे.

आता समजा, घाईच्या वेळी पातळ औषधाऐवजी थेंबांची बाटली हाती दिली गेली आणि आईने सांगितल्याप्रमाणे ६ मिलिलिटर पाजले, तर मुलाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम, म्हणजे योग्य मात्रेच्या चौपट औषध जाईल. औषध तेच, हेतूही चांगला. परंतु त्रैराशिकाची एक चूक यकृतावर बेतू शकते. परीक्षेच्या कागदावर अशा चुकीचा एक गुण जातो. दुकानात तिची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते.

कंपाउंडर ते नोंदणीकृत औषधनिर्माता

औषध देणे हा केवळ व्यापार नव्हे, ही जाणीव आपल्या कायद्यात टप्प्याटप्प्याने आली. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या औषध चौकशी समितीने १९३०-३१ मध्ये देशातील औषधांच्या स्थितीची पाहणी केली आणि औषधांच्या गुणवत्तेवर तसेच औषध देण्याच्या व्यवसायावर कायद्याचे नियंत्रण असावे, अशी शिफारस केली. पुढे १९४० साली औषधांचा कायदा झाला, १९४५ साली त्याखालील नियम आले आणि १९४८ साली फार्मसी अधिनियम संमत झाला.

त्यापूर्वी दवाखान्यातील कंपाउंडर हाच या विद्येचा वाहक होता. काच-खलात औषधे घोटणारे, मिश्रणे तयार करणारे हे लोक अनुभवाने शिकलेले असत. १९४८ च्या अधिनियमाने या अनुभवाचा अनादर केला नाही. पाच वर्षांहून कमी नाही इतका काळ औषधे तयार करून देण्याचे काम ज्यांनी केले होते, त्यांनाही पहिल्या नोंदवहीत नाव दाखल करण्याची सोय त्यात होती. त्यानंतरच्या पिढ्यांसाठी मात्र विहित शिक्षण आवश्यक ठरले. चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याखेरीज इतरांनी करू नये, असे या अधिनियमाचे कलम ४२ सांगते.

येथे एक गल्लत नेहमी होते, ती दूर केलेली बरी. परवाना हा दुकानाचा असतो आणि तो अन्न व औषध प्रशासन देते. नोंदणी ही व्यक्तीची असते आणि ती राज्य फार्मसी परिषद करते. दुकानाचा परवाना भिंतीवर टांगता येतो. व्यक्तीचे ज्ञान टांगता येत नाही. ज्याच्या नावावर दुकान चालते तो औषधनिर्माता प्रत्यक्ष हजर नसेल, केवळ त्याचे प्रमाणपत्र तेथे असेल, तर कायद्याचे शब्द पाळल्यासारखे दिसतात, पण हेतू मात्र विफल होतो.

परीक्षेचे स्वरूप

पदविकेचा अभ्यासक्रम बारावी विज्ञान शाखेनंतर दोन वर्षांचा आहे. २०२० च्या शिक्षण विनियमांनुसार त्यानंतर किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. राज्यात पदविकेच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात लोणी, विळद घाट, संगमनेर, कोपरगाव आदी ठिकाणी औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाची सोय असल्याने खेड्यापाड्यातील मुलामुलींना हे शिक्षण घराजवळ घेता येते.

भारतीय फार्मसी परिषदेने फेब्रुवारी २०२२ मध्ये पदविका निर्गमन परीक्षेचे विनियम प्रसिद्ध केले. पदविका उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराने राज्याच्या नोंदवहीत नाव दाखल होण्यापूर्वी ही परीक्षा द्यावी, अशी त्यांची योजना आहे. परीक्षा घेण्याचे काम राष्ट्रीय आयुर्विज्ञान परीक्षा मंडळाकडे सोपविण्यात आले आणि ऑक्टोबर २०२४ साठी पहिले वेळापत्रक जाहीर झाले. आपल्या प्रवेशवर्षास ही अट कशी लागू होते, हे प्रत्येक उमेदवाराने राज्य परिषदेच्या परिपत्रकावरून पाहून घ्यावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

विनियमांनुसार प्रश्नपत्रिका तीन असतात व प्रश्न बहुपर्यायी असतात. औषधनिर्मिती, औषधक्रियाशास्त्र, वनौषधीशास्त्र, औषधी रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, रुग्णालयीन व चिकित्सालयीन फार्मसी, औषधविषयक कायदे आणि औषध भांडाराचे व्यवस्थापन असे विषय त्यांत येतात. परीक्षेची भाषा इंग्रजी आहे. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुण मिळवावे लागतात आणि तिन्ही प्रश्नपत्रिका एकाच वेळी उत्तीर्ण व्हाव्या लागतात. मात्र परीक्षेस किती वेळा बसावे, यावर मर्यादा नाही.

परदेशातही हीच रीत आहे. अमेरिका, कॅनडा व ब्रिटन या देशांत पदवी हाती आली म्हणजे काम करण्याचा अधिकार मिळाला असे होत नाही. त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते.

पाठांतराची मर्यादा

बहुपर्यायी प्रश्न म्हटले की प्रश्नसंच आणावयाचा आणि उत्तरे पाठ करावयाची, असा प्रघात पडला आहे. त्याचा थोडा उपयोग होतो हे नाकारता येणार नाही. परंतु प्रश्नाचे शब्द किंचित बदलले की पाठ केलेले उत्तर निरुपयोगी ठरते. मेथोट्रेक्झेट हे औषध संधिवाताच्या रोग्यास आठवड्यातून एकदाच द्यावयाचे असते, हे वाक्य पाठ असणे ही एक गोष्ट. ते रोज घेतले गेल्यास रक्तपेशींच्या उत्पत्तीवर घाला पडून रोगी दगावू शकतो, म्हणून पाकिटावर आठवड्याचा वार लिहून देणे आणि रोग्याकडून तो वदवून घेणे आवश्यक आहे, हे समजणे ही दुसरी गोष्ट. ज्यास कारण समजले, त्यास वाक्य निराळे पाठ करावे लागत नाही.

इन्सुलिनचेही तसेच. कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० एकक अशा प्रमाणात असते, तर पेनमध्ये घालावयाच्या नळीतील इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये १०० एकक असते. चाळीसच्या खुणा असलेल्या सिरिंजने नळीतील इन्सुलिन वीसच्या खुणेपर्यंत ओढले, तर अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० एकक औषध शरीरात जाते. अडीचपट मात्रेने रक्तातील साखर झपाट्याने खाली येऊन रोगी बेशुद्ध होईल. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे, पण गोठू देऊ नये, हे पुस्तकात असते. वाडीवस्तीवर शीतकपाट नसलेल्या रोग्यास ते कसे जपावे हे सांगता आले, तर त्या ज्ञानाचे चीज झाले.

प्रशिक्षणाचे तीन महिने : खरी तयारी

यास्तव परीक्षेची उत्तम तयारी प्रशिक्षणाच्या ५०० तासांतच होते. अनेक विद्यार्थी हा काळ सहीपुरता समजतात आणि नंतर शिकवणीच्या मागे लागतात. त्याऐवजी पुढील साधी पद्धत अनुसरावी.

एक वही करावी आणि रोज पाच चिठ्ठ्या तीत उतरवून घ्याव्यात. रोग्याचे नाव लिहू नये. ती त्याची खाजगी बाब आहे. प्रत्येक चिठ्ठीपुढे पाच गोष्टी लिहाव्यात : औषधाचे मूळ नाव, ते शरीरात काय करते, मात्रा व वेळ, कोणत्या अन्नाशी अथवा औषधाशी त्याचे जमत नाही, आणि कायद्याच्या कोणत्या अनुसूचीत ते येते. औषधक्रियाशास्त्र, रसायनशास्त्र, रुग्णालयीन फार्मसी आणि कायदा हे सर्व विषय या पाच रकान्यांत येऊन जातात. रोज पाच याप्रमाणे नव्वद दिवसांत साडेचारशे चिठ्ठ्यांचा अभ्यास होतो. एवढी शिदोरी असलेल्या विद्यार्थ्यास प्रश्न परका वाटणार नाही.

गणितासाठी रोज अर्धा तास वेगळा काढावा. वजनावरून मात्रा, टक्केवारीची द्रावणे, विरलन हे प्रकार हातचे झाले पाहिजेत. ०.९ टक्के मिठाच्या ५०० मिलिलिटर द्रावणात मीठ किती? साडेचार ग्रॅम. पाच टक्क्यांच्या जंतुनाशक द्रावणापासून अर्ध्या टक्क्याचे करावयाचे तर? एक भाग द्रावणास नऊ भाग पाणी. असे हिशेब यंत्राविना, कागदावर मांडून करण्याची सवय ठेवावी.

साठवणुकीचा विषय प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भांडारात शिकावा. ज्याची मुदत आधी संपते ते औषध आधी बाहेर काढावे, हा नियम तेथील औषधनिर्माण अधिकाऱ्याच्या नोंदवहीवरून जितका स्पष्ट होतो, तितका टिपणांवरून होत नाही.

कायद्याचे प्रश्न : कोरडे नव्हेत

कायद्याचा भाग विद्यार्थ्यांना रुक्ष वाटतो. वस्तुतः त्यातील प्रत्येक तरतुदीमागे एखादे संकट टाळण्याचा हेतू असतो. अनुसूची एच मधील औषध चिठ्ठीवाचून देता येत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही व तारीख हवी. पुन्हा द्यावे असे डॉक्टरांनी लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर ते औषध एकदाच द्यावयाचे, आणि देताना दुकानाचे नाव, पत्ता व तारीख चिठ्ठीवर नोंदवावयाची. चिठ्ठीवर जे नाव आहे त्याऐवजी, त्याच घटकाचे का होईना, दुसरे औषध दुकानदाराने आपल्या मनाने देऊ नये, असेही नियम ६५ मध्ये म्हटले आहे.

प्रतिजैविकांच्या बेसुमार वापराने जंतू औषधांना जुमानीनासे होतात. म्हणून १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ अमलात आली. आरंभी तीत ४६ औषधे होती. नव्या पिढीची काही प्रतिजैविके आणि क्षयरोगावरील औषधे त्यांत येतात. ती देताना डॉक्टर, रोगी, औषध व त्याचे परिमाण यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. अनुसूची एक्स मधील औषधांसाठी चिठ्ठी दोन प्रतींत हवी व एक प्रत दोन वर्षे दुकानात ठेवावी लागते. आकड्यांची ही गुंफण हेतू ध्यानात घेऊन लक्षात ठेवली की तीन कोठे आणि दोन कोठे, हा गोंधळ होत नाही.

खरेदीचे बिल व औषधाचा गट क्रमांक जपून ठेवण्याचा नियम असाच आहे. १९८६ साली मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रोग्यांचा मृत्यू झाला. या प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने केली. औषध कोठून आले, ते कोणी तपासले आणि कोणाच्या हातातून पुढे गेले, ही साखळी ठाऊक असणे किती महत्त्वाचे, हे त्या घटनेने महाराष्ट्रास शिकविले. गट क्रमांकावरील प्रश्न सोडविताना विद्यार्थ्याने या चौदा जणांचे स्मरण ठेवावे.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढील मोठी अडचण ज्ञानाची नसून भाषेची असते. पुष्कळदा उत्तर ठाऊक असते, पण प्रश्नच नीट उमगत नाही. यावर उपाय आहे. विषय प्रथम मराठीत समजून घ्यावा, मग त्यातील पारिभाषिक शब्द इंग्रजीत लिहून पाठ करावेत. औषधांची नावे, अवयवांची नावे, रोगांची नावे हा शब्दसंग्रह मर्यादित आहे. रोज दहा शब्दांच्या गतीने तो काही महिन्यांत आवाक्यात येतो. प्रश्नातील ‘पैकी कोणते नाही’, ‘याखेरीज सर्व’, ‘सर्वांत योग्य’ अशा अर्थाच्या शब्दांखाली मनातल्या मनात रेघ मारण्याची सवय लावावी. घाईत हेच शब्द निसटतात आणि येत असलेला प्रश्न चुकतो.

जामखेडचा धडा

ज्ञान टिकते कसे, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील स्त्रियांना, ज्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या सेविका केंद्रावर नियमाने जमत, आपले अनुभव एकमेकींस सांगत, चुका दुरुस्त करीत आणि गावी परत जाऊन शिकलेले इतर स्त्रियांना समजावून देत. या कार्याबद्दल आरोळे दांपत्यास १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषधनिर्मात्याचे शिक्षण ही निराळी बाब आहे, त्याची जागा अशा कामाने भरून निघत नाही. परंतु जे दुसऱ्यास समजावून सांगता येते तेच आपले झाले, हा त्यातील धडा परीक्षार्थींनी घ्यावा. चार-पाच जणांनी एकत्र बसावे. एकाने रोगी व्हावे, दुसऱ्याने औषध देऊन ते कसे घ्यावयाचे हे सांगावे, इतरांनी चुका काढाव्यात. जुलाब झालेल्या मुलाच्या आईस क्षार-साखरेची पुडी कशी समजवाल? एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर ती अपायकारक होते. पूर्ण लिटरभर स्वच्छ पाण्यातच ती विरघळवावी, हे तिला तिच्या घरच्या भांड्याच्या मापात सांगता आले पाहिजे.

गावाने काय करावे

ही परीक्षा एकट्या विद्यार्थ्याची आहे, असे समजून गावाने स्वस्थ बसू नये. ग्रामपंचायतीची अभ्यासिका असेल तेथे फार्मसीच्या विद्यार्थ्यांना सायंकाळी बसण्याची सोय करता येईल. माध्यमिक शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकांनी आठवड्यातून एक तास प्रश्न वाचण्याचा सराव करून दिल्यास मोठेच साहाय्य होईल. प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधनिर्माण अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणार्थीस केवळ गोळ्या मोजावयास न लावता नोंदवह्या उलगडून दाखवाव्यात.

पंचायत सदस्यांनी आणखी एक गोष्ट करावी. आपल्या भागातील औषध दुकानात औषधनिर्माता उपस्थित असतो काय, बिल मिळते काय, मात्रा समजावून सांगितली जाते काय, याविषयी ग्रामसभेत लोकांना जागरूक करावे. भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१५ च्या व्यवसाय विनियमांनी रोग्यास औषधाची माहिती देणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरविले आहे. ग्राहकाने ती मागितली, तरच ती देण्याची सवय लागेल.

पाथर्डीकडचे एखादे कुटुंब दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघते, तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून वाटेत बंद होतात, आणि क्षयरोगाचा उपचार अर्धवट राहतो. कारखान्याच्या तळावर गेल्यावर औषध कोठे मिळेल, मध्येच थांबविल्यास काय होईल, हे निघण्यापूर्वी दोन वाक्यांत सांगणारा मनुष्य बहुधा औषधाच्या दुकानातच भेटतो. क्षयरोगी आढळल्यास त्याची माहिती आरोग्य यंत्रणेस कळविणे २०१८ पासून औषध विक्रेत्यांसही बंधनकारक आहे.

परीक्षेत उत्तीर्ण होणे हे विद्यार्थ्याच्या आयुष्यातील एक पाऊल आहे. कर्ज काढून, दागिने मोडून मुलास शिकविणाऱ्या आईबापांना त्याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु त्या यशाची खरी पडताळणी परीक्षा मंडळ करीत नाही. ती बाजाराच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, चिठ्ठी पुढे करून निमूटपणे उभ्या असलेल्या एखाद्या आजीबाईपाशी होते. तिला औषध देताना, ‘आजी, ही गोळी सकाळी जेवल्यावर, आणि ही रात्री झोपताना; सांगा बघू आता मला,’ असे म्हणण्याइतका वेळ आणि तेवढे ज्ञान ज्याच्यापाशी आहे, तो या परीक्षेस उतरला असे खुशाल समजावे.